काचेच्या कपाटातली ‘मीठदाणी’ आणि आमची आत्या

गोदाकाठ

मागच्या रविवारी आत्याला जुन्या नाशकातल्या एका छोट्या संग्रहालयात घेऊन गेले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे थोडं उणंदुणं निघणार आहे आणि तिथे एकच गृहस्थ तिकीट फाडण्यापासून झाडू मारण्यापर्यंत सगळं करतात, त्यांना त्रास नको. वाड्याचा पहिला मजला, दोन खोल्या, उभा लाकडी जिना. आत्या ८४ वर्षांची. दोराला धरून चढली, वर पोचल्यावर पहिलं वाक्य, “एवढं चढवलंस, आता बघण्यासारखं असू दे म्हणजे झालं.”

सुरुवातीला तलवारी, एक फुटकं चिलखत, कुणाची तरी पगडी. आत्याने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. ती थेट आतल्या खोलीत गेली, जिथे बंब, घंगाळ, अडकित्ते, फणीकरंड्याची पेटी, समया असं सगळं दाटीवाटीने मांडलंय. तिथे एक पितळी डबी आहे. साधारण लिंबाएवढी, बूड सपाट, वर बारीक भोकं. पुढे चिठ्ठी: “मीठदाणी, पेशवेकालीन.”

आत्या जोरात हसली. म्हणाली, “मीठ कुठलं यातून पडायला? पहिल्या पावसात गोळा होऊन बसेल. ही वाळूची डबी. आमचे आजोबा दुकानाची कीर्द लिहायचे तेव्हा उजव्या हाताला असायची. पान लिहून झालं की वाळू भुरभुरायची, जरा थांबायचं, कागद वाकवून वाळू परत डबीत.”

मी विचारलं, परत कशी जाणार, भोकं तर बारीक. तेव्हा तिने दाखवलं. डबीचं तोंड वर फुगलेलं नाहीये, आत गेलंय, बशीसारखं. “वाटी कशाला केलीय वर? त्यात ओतायची नि हलवायची, आपोआप उतरते खाली. मिठाला वाटी कशाला हवी होती?”

मी ती डबी त्याआधी किमान चार वेळा पाहिली असेल. शाळेच्या सहलीत पाहिली, पाहुण्यांना दाखवायला नेली तेव्हा पाहिली. वाटी दिसली नव्हती.

तर धागा यासाठी: अशा छोट्या संग्रहालयांतून तुम्ही पाहिलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू, त्यांची चुकीची किंवा अर्धवट चिठ्ठी, आणि खरा उपयोग. तलवारी-तोफा नकोत, त्यांचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत.

उनाड_दुपार

भारी! फोटो टाका की.

अवांतर: जिना चढवल्यावर आत्यांना मिसळ खाऊ घातलीत की नाही?

गोदाकाठ

फोटोला तिथे बंदी आहे. मिसळ खाल्ली, तिखट कमी म्हणून नावं ठेवून खाल्ली.

मोडीची_गोडी

आत्यांना माझा नमस्कार सांगा. शंभर टक्के वाळूदाणी.

थोडी भर घालतो. आपल्याकडचा जुना लिहिण्याचा कागद, जुन्नरी म्हणा, दौलताबादी म्हणा, घोटलेला असायचा. दगडाने किंवा शंखाने घासून गुळगुळीत केलेला, म्हणजे बोरू अडकू नये. अशा कागदात शाई पटकन शिरत नाही, वरच ओली राहते. शाई काजळीची, त्यात बाभळीचा डिंक. आणि मोडी म्हणजे हात न उचलता ओळ ओढत न्यायची लिपी. पान भरून लगेच उलटलं की ओली शाई फासणार. म्हणून वाळू. टीपकागद घराघरात आला तसे हे डबे देव्हाऱ्यात नाहीतर फडताळात गेले, आणि आता कपाटात मीठदाणी होऊन बसलेत.

माझ्याकडे घरची काही मोडी कागदपत्रं आहेत. दिव्यासमोर कागद तिरका धरला की काही अक्षरांच्या पोटात बारीक काळे कण चमकतात. शाईच्या डिंकाला चिकटून बसलेली वाळू. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी किती वेळ नुसता कागद हलवत बसलो होतो. लिहिणाऱ्याचं नाव-गाव सगळं गेलं, त्या सकाळची चिमूटभर वाळू राहिली.

वाळू काळी असण्याचं कारण आपलाच दगड. सह्याद्रीचा काळा बसाल्ट झिजून नदीत येतो, त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. नदीच्या काठावर पाणी ओसरल्यावर काळ्या बारीक रेतीचे पट्टे दिसतात ना, तेच. त्याला लोहचुंबक लावा, मिशा फुटल्यासारखी चिकटते. लहानपणी सगळ्यांनी केलंय हे. त्या डबीच्या सांधीत काही कण उरले असतील तर चुंबक फिरवून पाहा म्हणावं.

शंकासुर

सगळे लगेच माना डोलावताहेत म्हणून विचारतो. वाटीसारखं तोंड असलं म्हणजे वाळूदाणीच कशावरून? शिंपडायच्या गोष्टी काही कमी नाहीत. बुक्का आहे, दंतमंजन आहे, रांगोळीही भोकाच्या डबीतून घालतात. ८४ वर्षांच्या बाईंच्या आठवणीवर चिठ्ठी बदलायची का?

गोदाकाठ

शंका रास्त आहे. पण आधीची चिठ्ठी कशावर लिहिली होती ते तरी कुणाला माहीत आहे? मी त्या गृहस्थांना विचारलं. म्हणाले, “मी आलो तेव्हापासून हीच आहे.”

शंकासुर

हे मात्र मान्य.

तांबटाचा_नातू

आमच्या आजोबांचं दुकान तांबट आळीत होतं, आता नाही. मी स्वतः ठोकाठोकी केलेली नाही, बघत मोठा झालो. त्यामुळे बेतानेच लिहितो.

डबी बघताना एक गोष्ट तपासा. वरची जाळी पक्की बसवलेली आहे की फिरकीची? रोज भरायची वस्तू असेल, बुक्का किंवा मंजन, तर झाकण निघायला हवं, नाहीतर आत भरणार कुठून? वाळू मात्र वरच्या वाटीतूनच जाते, त्यामुळे झाकण पक्कं असलं तरी अडत नाही. पक्कं असेल तर आत्या जिंकल्या.

दुसरं, बुडाखाली बघा. जुन्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. आता मशीनने घालतात, खर्रर्र करून. पूर्वी छिन्नी-हातोडीने एकेक टिंब ठोकत. आमच्याकडे एक तपेलं आहे, त्यावर देणाऱ्याचं नाव, कुणाच्या लग्नात दिलं ते आणि ‘शके १८३२’. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९१० साल. वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतलं लग्न असेल तर १९११. तपेल्यावर हा एवढा इतिहास असतो आणि संग्रहालयवाले त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकतात, तोही दर्शनी बाजूला. नंबर बुडाला टाका हो!

आणि हात जोडून एक विनंती. दिवाळी आली की देणगीदार किंवा उत्साही स्वयंसेवक चिंच, लिंबू, पितांबरी घेऊन चकाचक करायला बसतात. घरच्या भांड्याला ठीक. संग्रहालयातल्या नको. दर घासणीला थोडा धातू जातो, टिंबांचं नाव तर आधी जातं. आमच्या आजीच्या लाडक्या तांब्यावर आता फक्त ‘सौ.’ वाचता येतं.

बारा_पायल्या

त्याच संग्रहालयात (कुठलं ते ओळखलं, बोलत नाही) खिडकीजवळ पाच-सहा पितळी आणि लोखंडी मापं उतरत्या क्रमाने ठेवलीत. चिठ्ठी: “विविध आकारांचे पेले.” पेले! मोठ्या पेल्यातून काय पीत होते म्हणे, पायलीभर ताक?

आमचं घराणं धान्याच्या व्यापारातलं, म्हणून पाठ आहे. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे एका पायलीत ६४ निळवी. पायलीच्या वर मण आणि वीस मणांची खंडी. मणाला किती पायल्या ते गावोगाव बदलायचं, कुठे बारा, कुठे सोळा. भांडणंही त्यावरूनच व्हायची.

निळवं कशाला लागायचं? मीठ, मोहरी, चहाची भुकटी. गरिबाची खरेदी त्या मापात व्हायची. त्या रांगेतलं सगळ्यात धाकटं माप हातात घ्यायला मिळालं तर काठ बघा. आमच्याकडच्या निळव्याचा काठ एका बाजूने झिजलाय, कारण रोज त्याच बाजूने गोणीत खुपसलं जायचं. पायलीचा काठ मात्र अजून गोल आहे.

मोजायचीही रीत होती. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. माप सपाट की शिगेचं हे आधी ठरवायचं. शिगेचं म्हणजे वर डोंगर. विकत घेताना शिगोशीग, विकताना हाताने सपाट, अशा महाभागांच्या गोष्टी आमच्या घरातही आहेत. कुणाच्या ते सांगत नाही.

१९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, १६ आण्यांचे १०० पैसे झाले, आणि त्याच्या मागोमाग किलो-लिटर. वडील सांगायचे की दुकानात पुढे कितीतरी वर्षं किलोचं वजन टाकून तोंडाने शेर बोलत.

उनाड_दुपार

‘लाभ, दोन, तीन’ हे भाजी बाजारात आजीकडून ऐकलंय! मला वाटायचं आजी त्या बाईचं नाव घेतेय.

खणखणीत

नाण्यांच्या कपाटावर बोललं पाहिजे, कारण चुकीच्या चिठ्ठ्यांचा उगम तिथे आहे. फारसी अक्षरं दिसली की “मुघलकालीन नाणे” लिहून मोकळे. आता हे बघा: पेशवाईत नाशिकच्या टांकसाळीत रुपये पडत होते, त्यावर नाव बादशहा शाह आलमचं, टांकसाळीचं नाव गुलशनाबाद (नाशिकचं मुघली नाव), आणि खूण जरीपटक्याची. राज्य मराठ्यांचं, नाव दिल्लीच्या बादशहाचं. लोकांना ओळखीचं नाणं लागायचं, म्हणून जुनंच नाव चालू ठेवत. तेव्हा ‘मुघल’ लिहिलेल्या रुपयावर छोटा झेंडा दिसला तर तो आपल्याच गावचा रुपया असण्याची शक्यता मोठी. आपल्या जिल्ह्यात चांदवडलाही टांकसाळ होती, तिचा ‘चांदवडी’ रुपया.

आणि रोजच्या जगण्याचा भाग म्हणजे बट्टा. इतक्या टांकसाळींचे इतके रुपये, प्रत्येकाची चांदी वेगळी. म्हणून सराफाकडे जायचं, तो वाजवून बघणार, छोटासा ठसा मारणार, बट्टा कापणार. कपाटातल्या नाण्यांवर फुली, चांदणी, टिकली अशा खुणा दिसल्या तर त्या बहुधा सराफाच्या. चिठ्ठीवर त्याला “खराब झालेले नाणे” म्हटलेलं मी वाचलंय. अहो, ते खराब नाही, ते तपासलेलं नाणं आहे!

हे नीट समजून घ्यायचं असेल तर अंजनेरीला त्र्यंबक रस्त्यावर नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. तिथल्या संग्रहालयात नाणं कसं पाडत, हे क्रमाने बघता येतं. एकदा तिथे जाऊन या आणि मग गावातली कपाटं पाहा.

जुन्या नाण्यावर नवा ठसा मारायची खोडही आपल्याकडची जुनीच. १९०६ साली जोगळटेंभीला, दारणा-गोदावरीच्या संगमापाशी, चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपान या शक राजाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारलेले. नहपानाचा चेहरा खाली, त्यावर आडवातिडवा सातवाहनांचा ठसा. वितळवण्यापेक्षा ठोकणं स्वस्त आणि अपमानही जास्त.

लेणीवाला

नहपान आलाच आहे तर त्याच्या जावयाला सोडून कसं चालेल. पांडवलेण्यातल्या १० नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. लोक तिथे जातात, खांबांना टेकून फोटो काढतात, खाली येतात. तो लेख म्हणजे जवळजवळ बँकेचं पासबुक आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे धंद्याच्या संघाकडे) २००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) ठेव, दरमहा शेकडा एक व्याज. त्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

गुणाकार करून बघा. दोन हजारांवर शेकडा बारा वर्षाला, म्हणजे २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. पै न पै जुळते! दुसऱ्या श्रेणीकडे आणखी हजार, पण तिथे दर पाऊण टक्का. आणि मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं, हेही कोरून ठेवलंय.

दोन हजार वर्षांपूर्वी गोवर्धनात, म्हणजे आपल्या गंगापूरच्या बाजूला, विणकरांचा धंदा एवढा पक्का होता की राजाचा जावई त्यांच्याकडे मुदत ठेव ठेवत होता. विणकर काय विणत होते, मागाचा एखादा लाकडी तुकडा, काही हाती नाही. दगडावरचा व्याजदर तेवढा शिल्लक.

शंकासुर

धागा मीठदाणीवरून मुदत ठेवीवर. चालू द्या. गुणाकार करून पाहिला, जुळतो.

परतीचा_पाऊस

थोडं कडू लिहिते, राग मानू नका.

सासूबाई गेल्यावर त्यांची फणीकरंड्याची पेटी मी एका संग्रहालयाला दिली. (नाशिकमधलं की बाहेरचं, तेही सांगत नाही.) शिसवी, आत आरसा, खण, आणि एका खणात मेणाची डबी. कुंकू टिकावं म्हणून आधी कपाळावर मेणाचा ठिपका लावत आणि त्यावर पिंजर. त्या डबीतल्या मेणावर सासूबाईंच्या बोटाचा खळगा होता. साठ वर्षं एकच बोट एकाच जागी घासून झालेला. मी देताना हे सगळं सांगितलं, त्यांनी मान हलवली. पावती नाही, नोंद नाही.

दोन वर्षांनी मुलीला दाखवायला गेले. पेटी होती. चिठ्ठी: “शृंगारपेटी.” मेणाची डबी रिकामी, स्वच्छ धुतलेली. विचारलं तर म्हणाले, “आत जुना मळ होता, काढून टाकला.”

मी काही बोलले नाही. मुलगी विचारत होती, बाहेर येऊन का बसलीस.

तांबटाचा_नातू

ताई, वाचून कसंतरी झालं.

मोडीची_गोडी

अरेरे. यावर आता करण्यासारखं एवढंच की पुढे देणाऱ्यांनी शहाणं व्हावं. मी एका ठिकाणी नोंदींचं काम केलंय, त्यावरून सांगतो. वस्तू देताना दोन प्रती करा: वस्तू काय, घरात तिचं नाव काय होतं, कोण वापरायचं, कशी वापरायचं, काय काढू नये, काय धुवू नये. एकीवर त्यांची सही-शिक्का घेऊन घरी ठेवा. दाखल नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या. क्रमांक नाही तर वस्तू दिलेली नाही असं समजा. ‘घरात नाव काय होतं’ हा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो, तो हाताने लिहायला लावा. शृंगारपेटी हा शब्द तुमच्या सासूबाईंनी आयुष्यात वापरला नसेल.

कायद्याचंही थोडं: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांवरच्या वस्तू पुरावशेषांत मोडतात, महत्त्वाची हस्तलिखितं असतील तर ७५ वर्षांवरची. अशी वस्तू परदेशी नेता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. जमिनीत सापडलेलं धन असेल तर त्याला १८७८ चा वेगळाच कायदा, ते कलेक्टरला कळवावं लागतं. घरचं तपेलं घरी ठेवायला कुणाची हरकत नाही, घाबरू नका.

मुक्काम_दूरदेशी

उशिरा वाचतोय. वाळूवरून माझी गोष्ट.

बाबांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आलो होतो. गुरुजींनी आडनाव, मूळ गाव विचारलं आणि अर्ध्या तासात एक लांबट, लाल कापडात बांधलेली वही घेऊन आले. तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांबद्दल ऐकून होतो, विश्वास नव्हता. पान उघडलं तर पणजोबांची नोंद. कशासाठी आले, बरोबर कोण, मुलांची नावं. मला मोडी येत नाही, गुरुजींनी वाचून दाखवलं. खाली पणजोबांची स्वतःची सही. वहीच्या खालच्या कोपऱ्यांना मातीचा पिवळट पट्टा होता. विचारलं तर गुरुजी म्हणाले, “एकोणसत्तरचा पूर. तोपर्यंत वह्या खालच्या खोलीत असायच्या.”

सहीवर काहीतरी चमकत होतं. मला वाटलं अभ्रकाची रंगीत शाई असेल. आज इथे कळलं ते काय होतं.

त्यांनी मलाही लिहायला सांगितलं. मी बॉलपेनने लिहिलं.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद आत्याला मोठ्याने वाचून दाखवले. मेणाच्या डबीच्या ठिकाणी तिने हात वर करून थांबवलं. थोड्या वेळाने म्हणाली, पुढे वाच.

काल परत गेलो. गृहस्थांना धाग्याचं सांगितलं. आधी जरा फुरंगटले, पण मग कपाटाची किल्ली आणली. पांढरे हातमोजे नव्हते, स्वच्छ रुमालात डबी घेऊन बाहेर काढली. तांबटाच्या नातवासाठी: जाळी पक्की आहे, फिरत नाही. बुडाला नाव नाही, पण एक पुसट ‘श्री’ आहे. शंकासुरांसाठी: चुंबक त्यांच्याच घरच्या फ्रिजवरचा, द्राक्षाच्या घडाचा. डबी पांढऱ्या कागदावर उलटी करून टिचकी मारली. वीस-पंचवीस कण पडले. काही काळे, काही नुसती धूळ. काळ्यांतले बरेचसे चुंबकाकडे सरकले.

शंकासुर

गंजाचे कणही चुंबकाला थोडेफार चिकटतात, हे नमूद करून माघार घेतो. पक्की जाळी मला जास्त पटली. आत्यांना दंडवत.

बारा_पायल्या

आणि पेल्यांचं काय झालं?

गोदाकाठ

पेल्यांची चिठ्ठी त्यांनी तिथल्या तिथे काढली. नवीन लिहायला कोरा कागद आत्यापुढे ठेवला. तिने वाळूदाणीची चिठ्ठी लिहिली, चार ओळी, हात कापतो तरी अक्षर वळणदार. मापांची तुम्ही येऊन लिहा म्हणाले, निळव्यापासून पायलीपर्यंत, ‘लाभ’सकट. कणांची पुडी करून डबीशेजारी ठेवलीय, फेकायची नाही असं त्यावर मी लिहून आले.

पुढच्या शनिवारी अकराला जमतंय का बघा. कोपऱ्यात आणखी एक लाकडी वस्तू आहे, तिच्यावर नुसतं “अवजार” लिहिलंय. आत्याला ती शेवयांची वाटते, गृहस्थांना सुताराची. दोघांचंही चढ्या आवाजात झालंय. जिन्यावर आत्याला धरायला एक माणूस वरून आणि एक खालून लागेल.

उनाड_दुपार

मी खालून. मिसळ माझ्याकडून, तिखट वेगळं मागवू.